नवी टाकी, जुने मासे आणि ७६ दिवसांचा हिशेब

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांत एक प्रश्न सारखा फिरत असतो. जुन्या टाकीत मासे दोन-तीन वर्षं ठणठणीत होते. मग मोठी टाकी घेतली. नवी काच, नवी वाळू, नवा फिल्टर, सगळं चकाचक. मासे सोडले आणि आठवडा-दहा दिवसांत सर्जनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. टाकी कोरी होती, मग रोग आला कुठून?

तो माशांबरोबरच आला. जुन्या टाकीतही होता, फक्त दिसत नव्हता.

या पांढऱ्या ठिपक्यांना दुकानात ‘इक’ म्हणतात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे ते होतात. गोड्या पाण्यातल्या माशांनाही इक होतो, ठिपकेही तसेच दिसतात, पण तो जीव वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी. म्हणून गप्पी-गोल्डफिश पाळणाऱ्या शेजाऱ्याने दिलेली निळी बाटली इथे कामाची नाही. एकदा या आजारातून तरलेल्या माशाच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती तयार होते. ती पुरती नसते. चार-दोन परजीवी कल्ल्यांत तग धरून राहतात, मासा खातो-पितो, बाहेरून काही कळत नाही. मग स्थलांतराचा दिवस येतो. जाळी घेऊन पाठलाग होतो, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, मासा बादलीत तासभर हेलकावे खातो, नव्या टाकीत माशांच्याच घाणीतून होणारा विषारी अमोनिया असतो. माशाची ताकद खचते आणि तेवढ्यात परजीवी आपली संख्या वाढवून घेतो.

यात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे. एरवी भरलेल्या टाकीतून हा रोग हाकलणं फार अवघड, कारण मासे, दगड, वाळू सगळं एकत्र असतं. टाकी बदलताना मात्र मासे एकीकडे आणि टाकी दुसरीकडे, अशी फारकत आपोआप होते. तिचा उपयोग करून घेतला तर इक कायमचा जातो. बहुतेक लोक ही संधी एका दुपारीत वाया घालवतात, कारण सगळं सामान एकाच दिवशी हलवायची घाई असते.

ठिपका म्हणजे नेमकं काय

ही घाई का नडते, ते कळण्यासाठी या जीवाचा दिनक्रम समजून घ्यावा लागतो. तो एकदा कळला की पुढचे सगळे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मिठाच्या कणाएवढा जो पांढरा ठिपका दिसतो, तो परजीवी माशाच्या वरच्या त्वचेच्या आत बसलेला असतो. तिथे तो साधारण तीन ते सात दिवस माशाच्या पेशी खाऊन वाढतो. पोट भरलं की आपणहून बाहेर पडतो. म्हणजे ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही. परजीवीचं जेवण आटोपलं, एवढाच त्याचा अर्थ. बाटलीवाले औषध याच दिवसांवर भाव खातं: तिसऱ्या दिवशी औषध घातलं, पाचव्या दिवशी ठिपके गेले, चमत्कार! औषध घातलं नसतं तरी ते गेलेच असते.

माशावरून उतरलेला जीव तळाशी, दगडावर, काचेवर, गोगलगाईच्या शंखावर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कवच बांधतो. या अवस्थेला टोमॉन्ट म्हणतात. आत त्याचे भाग पडत जातात आणि एका कवचातून शे-दोनशे पिल्लं बाहेर पडतात. ही पिल्लं पोहत माशाच्या शोधात निघतात. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. त्यांना दुसरं काही खाता येत नाही.

आता महत्त्वाचा भाग. कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. जास्तीत जास्त किती? प्रयोगशाळेत ७२ दिवसांनंतरही कवचं फुटलेली नोंदली गेली आहेत. एकाच वेळी चिकटलेली कवचं एकाच वेळी फुटत नाहीत. काही चौथ्या दिवशी, काही पंधराव्या, एखादं दोन महिन्यांनी. म्हणून टाकीत एकही मासा न ठेवता ७६ दिवस थांबायचं, असा हिशेब अनुभवी लोक धरतात. शेवटचं कवच ७२व्या दिवशी फुटलं, पिल्लांना उपाशी मरायला दोन दिवस आणि वर थोडं माप जास्त.

पिल्लं बहुतेक रात्रीच्या अंधारात, पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात. मासे तेव्हा दगडांच्या फटीत, तळाशी झोपलेले असतात, म्हणजे कवचांच्या अगदी शेजारी. टाकीच्या बंद पाण्यात हे सोपं होतं. समुद्रात तोच परजीवी असतो पण इतका माजत नाही, कारण लाट आणि ओहोटी पिल्लांना दूर नेऊन टाकतात.

तीन दिवसांची पळापळ

कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात, ही या जीवाची दुबळी बाजू. तिच्यावरच एक बिनऔषधी उपाय उभा आहे. हौशी लोक त्याला ‘टँक ट्रान्सफर’ म्हणतात.

दोन साधे टब घ्या, चाळीसेक लिटरचे, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचे. मासा पहिल्या टबात. ७२ तास पुरे व्हायच्या आत त्याला दुसऱ्या टबात हलवा. दुसऱ्यातलं पाणी पूर्ण ताजं, माशाला लपायला पाइपचा तुकडा वेगळा, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड वेगळा, हीटर वेगळा. पहिल्या टबात या तीन दिवसांत माशावरून जे परजीवी उतरले, ते तिथल्याच काचेवर-प्लॅस्टिकवर कवचात बसलेले असतात. ती फुटतील तेव्हा मासा तिथे नसेल. पहिला टब रिकामा करून निर्जंतुक करा, कोरडा करा, पुन्हा भरा. अशी चार स्थलांतरं झाली की तेराव्या दिवशी माशाच्या अंगावरचा शेवटचा परजीवीही मागे कुठल्या तरी टबात राहून गेलेला असतो.

मासा उचलताना जुनं पाणी शक्य तेवढं कमी न्यायचं. जाळीपेक्षा भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा बरा. काटे अडकत नाहीत, खवलं निघत नाहीत. टबात स्पंज फिल्टर ठेवायचा नाही, कारण कवचं त्यावरच बसतील. मग अमोनियाचं काय? दर तीन दिवसांनी सगळं पाणीच बदलतंय, तेव्हा खाणं बेताचं घातलं आणि अमोनिया बांधून ठेवणारं द्रव थोडं वापरलं की भागतं.

गोव्यात या पद्धतीतली खरी अडचण ‘कोरडा करा’ या दोन शब्दांत आहे. कवचं सुकली की मरतात, हे खरं. पण जुलैत बाल्कनीत टांगलेली जाळी चार दिवसांनीही दमट लागते, आणि टबाच्या कडेला बोट फिरवलं तर ओल येते. पावसाळ्यात नुसत्या वाळवण्यावर विसंबू नका. ब्लीच घातलेल्या पाण्यात सगळं सामान अर्धा तास बुडवा, वास जाईपर्यंत धुवा, क्लोरिन मारणाऱ्या द्रवात एकदा खळखळून घ्या आणि मग पंख्याखाली ठेवा. दोन ऐवजी तीन टब ठेवले तर प्रत्येकाला सुकायला वेळ मिळतो. तिसऱ्या टबाची किंमत एका क्लाउनफिशपेक्षा कमीच भरते.

दोन टाक्या शेजारी-शेजारी चालवता आल्या तर

आता वरचे दोन आकडे एकत्र ठेवा: टाकीला ७६ दिवस, माशाला १३ दिवस.

घरात जागा असेल तर नवी टाकी जुन्या टाकीपासून जरा दूर मांडा. जुन्यातले अर्धे दगड, गोगलगाई, खेकडे, झिंगे, ॲनिमोन नव्या टाकीत हलवा. मासे जुन्यातच राहू द्या. उरलेल्या दगडांवरचे जिवाणू अमोनिया संपवत त्यांचा फिल्टर सांभाळतील. ज्या दिवशी शेवटचा दगड नव्या टाकीत गेला त्या दिवसापासून मोजायला लागा. ६३व्या दिवशी मासे जुन्या टाकीतून काढून टबांत घ्या. १३ दिवसांची पळापळ झाली की बरोबर ७६ होतात. टाकी परजीवीमुक्त, मासे परजीवीमुक्त, आणि एवढ्या काळात नव्या टाकीतला जिवाणूंचा संसारही नीट बसलेला. मधल्या काळात जुन्या टाकीत बुडवलेला हात, मग्गा किंवा जाळी नव्या टाकीत गेली तर मोजणी पुन्हा एकपासून. हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, विशेषतः मासे दाखवायला पाहुण्यांना घेऊन येणाऱ्यांना.

जुने दगड न्यायचेच नसतील तर काम आणखी सोपं. कोरडे दगड, कोरडी वाळू, बाटलीतले जिवाणू आणि अमोनियम क्लोराइडचे थेंब घेऊन टाकी पिकवा, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू तिच्यात वाढू द्या. लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि चोवीस तासांत अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या टाकीत परजीवी कधी शिरलेलाच नसतो, म्हणून ७६ दिवस थांबायचं कारण नाही. फक्त मासे टबांतून गाळून आणायचे. मला विचाराल तर दगड जुने नसलेलेच बरे. जुन्या दगडांबरोबर जिवाणू फुकट येतात हे खरं, पण त्यांच्याबरोबर येणारं बाकीचं सामान महागात पडतं. जिवाणू बाटलीत मिळतात.

भाड्याचं घर एका दिवसात रिकामं करायचं असेल तर मात्र इलाज नाही. मग मासे १३ दिवस टबांत आणि नंतरचे दोन महिने एका तात्पुरत्या टाकीत राहतात. त्या टाकीचा स्पंज फिल्टर जुन्या टाकीत ठेवून पिकवलेला नसावा. तो महिनाभर आधीपासून वेगळ्या बादलीत अमोनियावर पिकवून ठेवायचा. हे कंटाळवाणं आहे. पण टाकी हलवायचं महिनाभर आधी कळतंच. घरमालकाची नोटीस काही आदल्या रात्री येत नाही.

जुनी वाळू मात्र कुठल्याच मार्गाने नेऊ नका. दोन-तीन वर्षांची वाळू उकरली की खाली साचलेला गाळ वर येतो, काळ्या थरातून सडक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि नव्या टाकीत पहिल्याच रात्री अमोनिया चढतो.

पाणी: नळाचं, विहिरीचं की समुद्राचं?

गोव्यात राहून खारं पाणी विकत बनवायचं, हे ऐकून लोक हसतात. समोर समुद्र आहे की! मिरामारला जा, दोन कॅन भरून आणा.

मिरामारला मांडवीचं मुख आहे आणि पलीकडे झुआरीचं. जून ते सप्टेंबर या नद्या डोंगरावरचं गोडं पाणी इतकं आणतात की किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा खूप खाली येतो. टाकीला लागतो हजारी ३५ भाग, म्हणजे १.०२६च्या आसपास घनता. नदीमुखाच्या पाण्यात पावसाळ्यात तो आकडा मिळायचा नाही. एरवीही त्यात होड्यांचं डिझेल, सांडपाणी, गाळ आणि जिवंत परजीवी असतात. रोग टाळण्यासाठी तीन महिने हिशेब करायचा आणि मग रोगाचं उगमस्थानच कॅनमधून घरात आणायचं, याला काय म्हणावं? नदीमुखापासून दूर, उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी पाणी आणून ते गाळून काही आठवडे अंधारात झाकून ठेवणारे लोक आहेत. माशाशिवाय राहिलेल्या पाण्यातले परजीवी मरतात, हे तत्त्व तिथेही लागू आहेच. पण डिझेल मरत नाही.

वागातोर-हणजूणच्या खडकांतल्या डबक्यांतून मुलांनी पकडून आणलेला मासाही टाकीत सोडू नका. जंगली माशाच्या अंगावर कृमी हमखास असतात. आणि प्रवाळ उचलून आणणं तर गुन्हाच आहे. कठीण प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून मिठाचं पाणी घरीच बनवायचं. मीठ मत्स्यालयाचंच हवं. आगरवाडा किंवा नेरूलच्या मिठागरांतलं मीठ जेवणात छान, पण ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हे समुद्राच्या पाण्यातले इतर क्षार त्यात समुद्राच्या प्रमाणात नसतात. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि जांभ्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, म्हणून आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं पाणी घ्या. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. आपल्याकडच्या हवेत उघडी पिशवी ओल धरते आणि वजन फसवतं, तेव्हा तराजूवर विश्वास न ठेवता खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा. तोही ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या गोड्या पाण्याने शून्य जुळवला तर ३५च्या जवळ तो चुकू शकतो. मीठ घातल्यावर पंप लावून चोवीस तास ढवळत ठेवायचं.

पाणी नेण्या-आणण्यासाठी घरातली तांब्याची कळशी किंवा भाण वापरू नका. माशाला चालेल इतकं तांबंही झिंगे आणि गोगलगाईंना मारतं.

पिशवी उघडण्याचा क्षण

मासा बंद पिशवीत किंवा डब्यात असतो तेव्हा त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच वेळी त्याच्या कल्ल्यांतून निघालेला अमोनियाही साठतो. पीएच कमी असताना हा अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते फारसं विषारी नाही. म्हणजे पाणी घाण असूनही मासा तगून असतो.

मग आपण पिशवी उघडतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर जे होतं तेच इथे होतं: कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पीएच वर चढतो. पीएच एकाने वाढला की विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहापट होतो. आता या उघड्या पिशवीत बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत दीड-दोन तास बसलो, तर आपण माशाला अगदी प्रेमाने अमोनियात शिजवत असतो. कल्ले भाजलेला मासा चार दिवसांनी रोगाने मरतो आणि दोष रोगाला जातो.

म्हणून लांबून आलेल्या माशासाठी उलटं करायचं. पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा दुकानदाराला आधीच विचारा आणि टबातलं पाणी त्याच आकड्यावर तयार ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगवून तापमान जुळवा, मग उघडा आणि मासा लगेच टबात. पिशवीतलं पाणी मोरीत. पुढचे काही दिवस टबाचा खारेपणा हळूहळू ३५वर आणता येतो. कमी खारेपणातून जास्तीकडे जाणं माशाला जड जातं, म्हणून घाई नको.

घरातल्या घरात किंवा गावातल्या गावात मासे हलवताना हा धोका कमी असतो. आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवा, म्हणजे घाण कमी होते. झाकणाचा थर्मोकोलचा खोका, आत प्रत्येक माशासाठी वेगळी पिशवी किंवा डबा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. मे महिन्यात निघायचं तर पहाटे निघा. बंद गाडीत दुपारी पाणी बघता बघता ३२ अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

टबांनी न बरे होणारे तीन आजार

पहिला व्हेल्वेट. हा खरा मारेकरी. अमायलूडिनियम नावाचा परजीवी आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरायला लागतो. अंगावर दिसलीच तर बारीक सोनेरी धूळ, टॉर्च तिरका धरल्यावर. मासा पंपाच्या झोताकडे तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो, आणि दोन-तीन दिवसांत मरतो. याचं चक्र वेगळं आहे, तीन दिवसांच्या पळापळीला ते दाद देत नाही. याची पिल्लं हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर दोन-तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून टब आणि टाकी एकाच टेबलावर ठेवू नयेत; वेगळी खोली सर्वांत चांगली.

यावर चालतं ते तांबं, नाहीतर क्लोरोक्विन. तांब्याच्या बाटलीवर आयॉनिक लिहिलंय की चिलेटेड, हे डोळे फाडून वाचा. आयॉनिक तांबं लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं, चिलेटेड मात्र दोन-अडीच मिलिग्रॅम लागतं. गल्लत झाली तर मासा रोगाआधी औषधाने जातो. रोज टेस्ट किटने मोजायचं, पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवायची आणि महिनाभर टिकवायची. तांब्याबरोबर अमोनिया बांधणारं द्रव घालू नका. त्यातली काही द्रव्यं तांब्याला आणखी विषारी बनवतात. हे सगळं वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टबातच. मुख्य टाकीत तांबं पडलं तर दगड ते शोषून घेतात आणि त्या टाकीत पुढे झिंगे ठेवायचे वांधे.

दुसरा ब्रुकलिनेला, क्लाउनफिशचा खास. अंगावर पांढरट चिकट शेंबडासारखा थर सुटतो. हा परजीवी माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, तळाशी उतरायची त्याला गरजच नाही. तांबं यावर फारसं लागू पडत नाही. फॉर्मालिनच्या छोट्या बुडी द्याव्या लागतात. फॉर्मालिन माणसालाही घातक आहे. खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि मासे हाताळणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तिसरे कृमी, ज्यांना फ्लूक म्हणतात. हे पारदर्शक असतात, माशाच्या अंगावर असूनही दिसत नाहीत. मासा दगडाला अंग घासतो, डोळा धुरकट होतो, बस. ते पाहायची एक युक्ती आहे. काळ्या रंगाच्या डब्यात आरओचं गोडं पाणी घ्या, टाकीच्याच तापमानाचं, चिमूटभर खायच्या सोड्याने पीएच ८.२च्या आसपास आणलेलं, हवेचा दगड सोडलेलं. मासा त्यात पाच मिनिटं ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात मासा आडवा पडल्यासारखा करतो, काही तर मेल्याचं सोंग घेतात. तोल गेलाच किंवा मासा गार पडतोय असं वाटलं तर लगेच काढा. मिनिट-दोन मिनिटांत गोड्या पाण्याने कृमी फुगतात, पांढरे होतात आणि गळून पडायला लागतात. दोन-चार मिलिमीटर लांबीचे पांढरे लांबट तुकडे काळ्या तळावर उतरताना दिसतात. एरवी निरोगी दिसणाऱ्या माशाच्या अंगावरून असे दहा-बारा गळलेले बघितले की ‘माझ्या टाकीत काही नाही’ हे वाक्य पुन्हा तोंडातून येत नाही.

ही बुडी म्हणजे तपासणी, उपचार नव्हे. कल्ल्यांच्या आतले कृमी वाचतात. उपचार प्राझिक्वांटेलचा, तेही दोनदा, साधारण आठवड्याच्या अंतराने, कारण औषध अंड्यांना मारत नाही; अंडी फुटून निघालेल्यांसाठी दुसरा डोस असतो. टबांच्या १३ दिवसांत हे दोन डोस सहज बसतात.

आता जुन्या आणि नव्या माशांत मी फरक करतो. जो मासा दोन वर्षं तुमच्याच टाकीत आहे, त्याला व्हेल्वेट असण्याची शक्यता फार कमी. असता तर एव्हाना सगळी टाकी साफ झाली असती. त्याला टबांची पळापळ आणि प्राझिक्वांटेल पुरे, तांब्याचा ताण कशाला द्यायचा? दुकानातून काल आलेला मासा मात्र कुठल्या टाक्यांतून फिरून आलाय देव जाणे. त्याला पूर्ण महिना वेगळं ठेवायचं, आणि श्वास जलद वाटला तर वाट न बघता तांबं सुरू करायचं.

श्वास जलद आहे हे कसं ओळखायचं? मासा निरोगी असतानाच, शांत बसलेला असताना, त्याचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजून टाकीवर कागद चिकटवून ठेवा. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो. आजाराच्या दिवशी तुलना करायला हाताशी काहीतरी लागतं.

ज्यावर पैसे घालवू नयेत

लसणाचा अर्क माशाची भूक वाढवत असेल, परजीवी मारत नाही. झिंगे आणि क्लीनर रॅस नावाचे छोटे मासे दुसऱ्या माशांच्या अंगावरचा कचरा टिपतात, त्वचेच्या आत बसलेल्या इकपर्यंत त्यांचं तोंड पोचत नाही. ‘रीफ-सेफ’ (प्रवाळ-झिंग्यांना अपाय न करणारी) म्हणून विकली जाणारी बहुतेक औषधं झिंग्यांना सुरक्षित असतात ती परजीवीलाही तितकीच सुरक्षित असल्यामुळे. यूव्ही दिवा पोहणाऱ्या पिल्लांची संख्या कमी करतो. त्याच्यातून न गेलेली पिल्लं पुरेशी उरतात. आणि ‘इक सगळ्याच टाक्यांत असतो, तो काही जात नाही’ हे तर खोटंच. माशाशिवाय तो जगू शकत नाही, हवेतून निर्माणही होत नाही.

पैसे घालवायचेच तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर घालवा. पहिल्या पावसात तार तुटून वीज गेली की तीन-चार तासांत भरलेल्या टाकीतला प्राणवायू खाली येतो. गर्दीच्या छोट्या टबात त्याहून लवकर. दुसरा खर्च मासा घेतानाचा. भारतात क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने तिचं तंत्र विकसित केलं आहे. असे मासे जाळ्यातून आणि लांबच्या प्रवासातून गेलेले नसतात, टाकीतलं खाणं पहिल्या दिवसापासून खातात. फक्त दुकानात ते जंगली माशांच्याच पाण्यात ठेवलेले असतील तर तो फायदा तिथेच संपतो. तेव्हा ‘पैदाशीचा आहे का’ याच्या जोडीला ‘वरच्या आणि खालच्या टाकीचं पाणी एकच फिरतं का’ हेही विचारा.

आणि तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. ७६ दिवसांत चवथ (गणेश चतुर्थी) येत असेल तर त्या आठवड्यात मासे टबांत नकोत. गावच्या घरी पाच दिवस गेलात तर ७२ तासांचं गणित कोण सांभाळणार? मासे तेव्हा जुन्या टाकीतच असू द्या. खाण्याचा डबा शेजाऱ्यांच्या हाती देऊ नका, एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि बाकीचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावा. शेजारची काकी माशांना उपाशी ठेवणार नाही, हीच भीती आहे.